अकरा महिन्यांच्या करारावरचं म्हातारपण

निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाच्या फोनवर हल्ली एक रील हमखास येऊन थडकते. हिरवी भातखाचरं, ओसरीत झोपाळा, झोपाळ्यावर पहुडलेला गोरा म्हातारा आणि खाली ओळ: 'महिना पन्नास हजारांत थायलंडमध्ये राजासारखे राहा.' माझ्या ओळखीतल्या तिघांनी ती मला पाठवली आणि तिघांनीही एकच विचारलं, हे खरं असतं का?

राहता येतं, हे खरं आहे. खर्च कमी येतो, हेही बऱ्याच अंशी खरं. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट अशी की तो झोपाळ्यावरचा म्हातारा कागदोपत्री शेवटपर्यंत भाडेकरूच असतो. त्याचं घर, त्याची शिल्लक, त्याचं आजारपण, सगळ्या कटकटींचं मूळ या एका गोष्टीत आहे. ती समजली की बाकीचं आपोआप उलगडतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक माणूस कल्पू. इंग्लंडातल्या लीड्सचे एक बसचालक, २०१६ साली ६५ पूर्ण करून निवृत्त झालेले. बायको थाई, ईसानमधली. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, लाओसला लागून असलेला, चिकट भात खाणारा आणि लाओशी मिळतीजुळती बोली बोलणारा. निवृत्तीपासून दोघं तिथल्या उदोन थानी प्रांतात बायकोच्या माहेरच्या गावी राहतात. आपण त्यांना लीड्सचे आजोबा म्हणू.

गाव त्यांना 'फरांग' म्हणतं. शब्द ओळखीचा वाटला ना? ज्या फारसी शब्दातून आपल्याकडे 'फिरंगी' आला, त्याच घराण्यातला हा. थाई भाषेत पेरूलाही फरांगच म्हणतात, त्यामुळे पेरू खाणाऱ्या फरांगवरचा तोच तो विनोद आजोबांना दर मोसमात ऐकावा लागतो.

व्हिसा, मुदतवाढ आणि आपला भाडेकरार

आपल्याकडे घर भाड्याने देताना 'लिव्ह अँड लायसन्स' करतात. अकरा महिने संपले की नवा करार. भाडेकरू त्याच घरात वीस वर्षं राहिला, भिंतींना रंग दिला, दारात तुळस लावली, तरी बाराव्या महिन्यात तो पुन्हा नवाच. थायलंडची निवृत्तीची सोय अशीच चालते.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायचे. व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची परवानगी. मुदतवाढ म्हणजे आत आल्यावर एक वर्ष राहण्याची परवानगी. वय ५० पूर्ण असेल आणि पैशांची अट पुरी होत असेल, तर इमिग्रेशन कार्यालय १,९०० बाट (बाट म्हणजे थाई चलन) शुल्क घेऊन वर्षाची मुदतवाढ देतं. पुढच्या वर्षी तोच अर्ज, तेच फोटो, प्रत्येक झेरॉक्सवर सही. अशी दहा-पंधरा वर्षं जोडून कायमचं रहिवासीपण मिळत नाही. मोजणी दर वर्षी शून्यावर येते.

या कराराला पोटकलमं आहेत. दर ९० दिवसांनी 'मी अजून याच पत्त्यावर आहे' असं कळवायचं. आपल्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला वर्षातून एकदा असतो, यांचा चारदा. घरमालकाने परदेशी माणूस घरात राहायला आल्याचं २४ तासांत कळवायचं. आपल्याकडे भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतात, त्यातलाच प्रकार. गंमत अशी की आजोबांची घरमालकीण त्यांची बायकोच असते, त्यामुळे नवरा घरात राहतो याची वर्दी तिनेच सरकारला द्यायची. आणि मुलीला भेटायला आजोबा लीड्सला निघाले, तर आधी परतीची परवानगी काढायची. एका फेरीसाठी १,००० बाट, कितीही फेऱ्यांसाठी ३,८००. ती न काढता विमानात बसले, तर वर्षाची मुदतवाढ तिथेच संपली.

मुदत संपल्यावर राहिलं, तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,०००. पण दंड भरला की मिटलं असं नाही. जास्त दिवस झाले, तर काही वर्षं देशात पाऊल टाकायला बंदी येऊ शकते.

आठ लाख बाट कशासाठी?

पैशांची अट दोन प्रकारे पुरी करता येते. एक तर थाई बँकेत आठ लाख बाट ठेवायचे, नाहीतर दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवायचं. (दोन्हींची बेरीज करून वर्षाचे आठ लाख भरवण्याचीही सोय आहे.) एका बाटचे अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये कुठेतरी धरा, म्हणजे ठेव वीस-चोवीस लाख रुपयांच्या घरात गेली.

ठेव म्हणजे आपल्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट समजा. फरक इतकाच की हे तुमच्याच खात्यात तुमच्याच नावावर असतं आणि तरी तुम्हाला मनासारखं वापरता येत नाही. अर्जाच्या आधी दोन महिने आणि मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने पूर्ण आठ लाख जागेवर हवेत. उरलेल्या काळात शिल्लक चार लाखांखाली जाता कामा नये. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं, हा तिथल्या फिरंगी आजोबांचा वार्षिक सणच आहे.

उत्पन्नाची वाट पूर्वी सोपी होती. आपल्या दूतावासाचं पत्र आणलं की काम व्हायचं. पण ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या दूतावासांनी २०१९ च्या तोंडावर अशी पत्रं देणं बंद केलं. आता महिन्यामागून महिना परदेशातून पैसे आल्याच्या नोंदी पासबुकात दिसाव्या लागतात. ज्यांचं लग्न थाई व्यक्तीशी झालंय, त्यांना निम्मी अट: चार लाख ठेव किंवा महिना ४०,००० उत्पन्न. त्या बदल्यात कागद दुप्पट. घराचा हाताने काढलेला नकाशा आणि घर क्रमांक दिसेल असा जोडीचा फोटो, हे सगळं लावायचं. घरी पाहणीही होऊ शकते.

पण पेन्शन तर येतेच ना?

येते, पण गोठलेली. ही गोष्ट आपल्या पेन्शनरांना एका वाक्यात कळेल: समजा, परदेशी राहायला गेलात म्हणून सरकारने तुमचा महागाई भत्ता जन्मभरासाठी थांबवला.

ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, पण काही ठरावीक देशांत राहणाऱ्यांसाठीच. थायलंड त्या यादीत नाही. २०१६ साली नवी पूर्ण पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती. लीड्समध्ये राहिलेल्या त्यांच्या सोबत्याला २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड मिळत होते. आजोबांना अजून १५५.६५ च.

त्यात विनिमय दर. ब्रेक्झिटच्या मतदानाआधी एका पौंडाला पन्नासहून अधिक बाट मिळायचे, नंतर चाळिशीच्या आसपास घसरण झाली. त्रेचाळीसने हिशेब केला, तर आजोबांची पेन्शन महिना २९,००० बाट होते. ६५,००० तर दूरच, चाळीसही भरत नाहीत. म्हणून लीड्सचं घर विकून आलेल्या पैशातली एक रक्कम बँकेत बांधून ठेवणं त्यांना भाग आहे. रीलमधला 'स्वस्त देश' या आकड्यांवर मोजायला हवा. गाव महाग झालं नाही तरी आजोबा दरवर्षी थोडे गरीब होतात.

आणि तो नवा कर?

या मंडळींची झोप गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त कशाने उडवली असेल, तर १ जानेवारी २०२४ पासून बदललेल्या करनियमाने. वर्षात १८० दिवस किंवा जास्त थायलंडमध्ये राहणारा माणूस करापुरता तिथला रहिवासी धरला जातो. पूर्वी त्याने परदेशात कमावलेला पैसा त्याच वर्षी आत आणला तरच कर लागे. एक वर्ष थांबून आणला की सुटका. ही पळवाट बुजवली. आता तो पैसा कोणत्याही वर्षी आत आणला तरी हिशेबात येतो. २०२४ च्या आधीची कमाई मात्र वगळली आहे.

घबराट पसरली, पण छोट्या पेन्शनरांच्या बाबतीत ती बरीचशी पोकळ होती. पासष्टी उलटलेल्याला १,९०,००० बाटची खास सूट, स्वतःची ६०,००० ची वजावट, पेन्शनवर एक लाखापर्यंतचा खर्च वजा, आणि पहिले दीड लाख शून्य दराने. बेरीज पाच लाख बाट. आजोबांची वर्षाची पेन्शन साडेतीन लाखांच्या आसपास आहे, म्हणजे कर शून्य. ज्यांची पेन्शन जाडजूड आहे, त्यांनी आपल्या देशाचा थायलंडशी दुहेरी कर टाळण्याचा करार काय म्हणतो ते बघावं. प्रत्येक देशाचा वेगळा असतो, म्हणून शेजारच्या जर्मन आजोबांचा सल्ला लीड्सच्या आजोबांनी ऐकू नये.

आपल्याकडचा पेन्शनर गेला तर?

नियम सगळ्या देशांच्या नागरिकांना तेच, त्यामुळे दार आपल्यालाही उघडं आहे. फक्त तिथे आपल्याला फरांग म्हणणार नाहीत. भारतीयांसाठी थाई बोलीत शब्द आहे 'खेक', आणि त्याचा मूळ अर्थ पाहुणा. इमिग्रेशनचा सगळा कायदा या एका शब्दात बसतो, असं मला नेहमी वाटतं.

अडचण पैसे नेण्यात येते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, म्हणजे मर्यादा पुष्कळ आहे. पण एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाने अशा कारणासाठी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. बावीस लाखांची ठेव पाठवायची, तर बारा लाखांवर दोन लाख चाळीस हजार. ते विवरणपत्र भरल्यावर वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हात आखडलेला राहतो.

जमीन: बायकोच्या नावावर घेतली की झालं?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच बुडतात.

थायलंडच्या १९५४ च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला सहसा जमीन विकत घेता येत नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रातही शेतकरी असल्याचा दाखला नसेल, तर शेतजमीन खरेदी करता येत नाही. थायलंडने तीच रेघ नागरिकत्वावर ओढली आहे. परदेशी माणसाला इमारतीतला फ्लॅट घेता येतो (एका इमारतीत जास्तीत जास्त ४९ टक्के क्षेत्र परदेशींकडे), पण भातखाचराच्या कडेला फ्लॅट कुठला?

मग आजोबा पैसे देतात आणि जमीन बायकोच्या नावावर होते. नोंदणीच्या दिवशी दोघांना लेखी द्यावं लागतं की हा पैसा बायकोचा स्वतःचा आहे. सही झाली, त्या क्षणी आजोबांचा जमिनीवरचा दावा संपला. उद्या बिनसलं, तर 'पैसे माझे होते' हे त्यांनी स्वतःच सही करून खोडून ठेवलेलं असतं.

कंपनी काढून तिच्या नावावर घेतली तर? नावापुरते थाई भागीदार उभे करून जमीन घेणं बेकायदा आहे. पकडलं गेलं, तर जमीन विकावी लागते आणि शिक्षाही होऊ शकते. बेनामी व्यवहार म्हटलं की आपल्याकडे जे समजतात, तेच हे.

कायदेशीर वाटा दोन. पहिली, भाडेपट्टा, जास्तीत जास्त ३० वर्षांचा, जमीन कार्यालयात नोंदवलेला. दुसरी जास्त गोड आहे. थाईत तिला 'सित्थी केप किन' म्हणतात, शब्दशः 'गोळा करून खाण्याचा हक्क'. जमीन दुसऱ्याची, पण जिवंत असेतोवर तिथे राहण्याचा आणि तिचं उत्पन्न घेण्याचा हक्क तुमचा. आंब्याचं झाड मालकाचं, आंबे तुमचे, आणि मालक वारला तरी त्याच्या वारसांना तुम्हाला हुसकता येत नाही. शिवाय जमीन दुसऱ्याची असली तरी वरच्या घराची मालकी स्वतंत्र नोंदवता येते. 'गोळा करून खाण्याच्या' हक्काची नोंद मालकीपत्राच्या पाठीमागे होते, आपल्या सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांसारखी.

एक मेख मात्र आहे. लग्न झाल्यावर नवरा-बायकोने आपापसांत केलेला करार कोणीही एकजण लग्न टिकेतो, आणि मोडल्यावर वर्षभरात, रद्द करू शकतो. थाई दिवाणी कायद्याचं कलम १४६९. म्हणजे बायकोने दिलेला 'गोळा करून खाण्याचा हक्क' तिला मागेही घेता येतो. जाणकार म्हणूनच सांगतात, हे कागद लग्नाआधी करा.

दुसरी मेख जमिनीच्या जातीत. पक्कं मालकीपत्र असलेल्या जमिनीला 'चनोत' म्हणतात, वर लाल गरुडाची मुद्रा. पण ईसानमध्ये पुष्कळ शेतं 'सो पो को' जमिनीची आहेत, भूमिसुधारणेत शेतकऱ्यांना कसण्यासाठी दिलेली. आपल्या भोगवटादार वर्ग दोनसारखी. ती मुलांना वारसाने जाते, बाजारात विकता येत नाही. सासऱ्यांनी प्रेमाने 'इथेच बांधा' म्हणून दाखवलेला तुकडा बहुतेकदा याच जातीचा निघतो आणि त्यावर दोन मजली घर उठल्यावर ते कळतं.

शेतात हात लावला तर?

निवृत्तीच्या मुदतवाढीवर काम करायला बंदी आहे, आणि अनेक कामं थाई नागरिकांसाठी राखीव आहेत. जून-जुलैत लावणी, नोव्हेंबरात कापणी, सगळं गाव चिखलात, आणि आजोबा बांधावर बाटलीभर पाणी घेऊन उभे. आपल्या अंगणातल्या मिरच्यांना पाणी घातलं म्हणून कोणी पकडत नाही. तरी सासऱ्यांच्या ट्रॅक्टरवर बसायची हौस आवरलेली बरी.

आजारी पडलं तर?

थाई नागरिकांसाठी २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून '३० बाट योजना' आहे, अगदी नावापुरत्या पैशात उपचार. निवृत्त परदेशी तिच्यात बसत नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा ब्रिटनमध्येच राहणाऱ्यांसाठी, अमेरिकेचं मेडिकेअर देशाबाहेर चालत नाही. उरतो खासगी विमा. सत्तरीनंतर त्याचा हप्ता फुगत जातो आणि जुने आजार वगळले जातात. काही प्रकारच्या निवृत्ती व्हिसाला विमा सक्तीचा आहे, काहींना नाही. ज्यांना नाही, त्यांतले अनेकजण विमा न काढता 'बघू तेव्हा' म्हणत जगतात.

गावात मात्र आरोग्यसेवा पोचलेली असते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं छोटं केंद्र, आणि आशाताईंसारख्या गावच्याच स्वयंसेविका. देशभरात त्या दहा लाखांहून जास्त आहेत. रक्तदाब तपासायला दारात येतात आणि फरांगचाही तपासतात. प्रांताच्या सरकारी रुग्णालयात परदेशींना दर वेगळे, पण मोठ्या खासगी रुग्णालयांपेक्षा बरेच कमी. रांगेत बसायची आणि थाई बोलणारं कोणी सोबत न्यायची तयारी हवी, एवढंच.

फेब्रुवारी ते एप्रिलचा धूर वेगळाच. उसाचं पाचट आणि भाताची धसकटं जाळतात, डोंगरात वणवे लागतात आणि हवा आठवडेच्या आठवडे राखाडी राहते. दम्याच्या माणसाने रील बघताना हे विचारावं, की ती कुठल्या महिन्यात काढली?

आणि मोटारसायकल. थायलंडचे रस्ते जगातल्या अतिशय जीवघेण्या रस्त्यांत मोडतात, आणि मरणाऱ्यांत दुचाकीवाले सर्वाधिक. दुचाकीचा परवाना नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी सरळ हात वर करते.

मग लोक तिथे का राहतात?

हे सगळं वाचून कोणी विचारेल, मग हे आजोबा वेडे आहेत का? मला नाही वाटत. सकाळी सहाच्या सुमारास गावच्या मुखियाच्या भोंग्यावरून सूचना सुरू होतात आणि झोप मोडते, हे खरं. पण त्याच गावात ते तीन दिवस दिसले नाहीत, तर कोणीतरी डोकावून बघतं. लीड्समध्ये ही खात्री नव्हती. एप्रिलमध्ये सोंगक्रान येतो. आपली संक्रांत आणि हा सण एकाच संस्कृत शब्दातून आलेत. त्या दिवशी गावातली पोरं म्हाताऱ्यांच्या तळहातांवर सुवासिक पाणी ओतून आशीर्वाद मागतात. त्या रांगेत आजोबाही खुर्चीवर बसलेले असतात.

खरा तोटा भाषेचा. दहा वर्षं राहून पन्नास शब्दांपलीकडे न गेलेले खूप. असा माणूस प्रत्येक कागदासाठी, प्रत्येक दुखण्यासाठी बायकोवर अवलंबून. मुदतवाढीचा एक अर्ज चुकला तर दंड भरून निभावतं. बायको आधी गेली, तर काहीच निभावत नाही.

बायको आधी गेली तर? आणि आजोबा गेले तर?

बायको गेली, तर तिची जमीन वारसांत वाटली जाते आणि नवराही वारस असतो. पण परदेशी वारसाला ती जमीन ठेवता येत नाही, साधारण वर्षाच्या आत विकावी लागते. 'गोळा करून खाण्याचा हक्क' नोंदलेला असेल, तर घरातलं राहणं तेवढं वाचतं. मुदतवाढ लग्नाच्या आधारावर घेतलेली असेल, तर तीही संपते आणि चार लाखांच्या जागी आठ लाखांची वाट धरावी लागते.

आजोबा गेले, तर गाव सगळं करतं. भिक्खू येतात, काही रात्री घरात मंत्रपाठ, मग गावच्या वाटमध्ये, म्हणजे विहारात, दहन. दूतावासाला कळवायचं, दाखला काढायचा. एवढं होईपर्यंत पैशांचा विषय कोणी काढत नाही. काढल्यावर कळतं की खातं गोठलंय. बायकोकडे कार्ड आणि पिन असते, पण मृत्यूनंतर एटीएममधून काढलेले पैसे पुढे तिच्याच अंगाशी येऊ शकतात. ते आठ लाख बाट, ज्यांना आजोबांनी इतकी वर्षं हात लावला नाही, कोर्टाने व्यवस्थापक नेमेपर्यंत तिलाही लावता येत नाहीत.

मृत्युपत्र असेल तर हे बरंच लवकर सुटतं. त्यासाठी फक्त थायलंडमधल्या मालमत्तेचं वेगळं, थाई भाषेतलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र करायचं. आपल्या तहसीलसारखं 'अम्फो' कार्यालय असतं, तिथेही ते करता येतं. वर्षातून एकदा पासबुक भरायला बँकेत जावं लागतंच. अम्फो बहुतेकदा बँकेच्याच गावात असतो.